दर पावसाळ्यात त्याच वळणावर झाड आडवं: करवत उचलण्याआधी काय बघायचं

तक्रार ओळखीची आहे. रविवारी सकाळी चार-पाच जण करवती घेऊन टेकडीवर चढतात, आडवी पडलेली झाडं कापतात, सायकलची वाट मोकळी करतात, फोटो काढतात आणि खाली येऊन पोहे खातात. पंधरा दिवसांनी त्याच वळणावर पुन्हा झाड. पुन्हा करवत, पुन्हा पोहे. ऑगस्ट उजाडेपर्यंत मंडळी कंटाळतात, सायकलवाले झाडाला वळसा घालून जायला लागतात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात.

हे सगळं मी पुण्याच्या वेताळ टेकडीच्या पाषाणकडच्या अंगाला केलेल्या कामावरून, म्हणजे बऱ्याच अंशी आमच्याच चुकांवरून लिहितोय. उथळ माती, खाली काळा कातळ आणि वर गिरिपुष्पाची लागवड असलेल्या कुठल्याही टेकडीला यातलं बरंच लागू पडेल. घाटातल्या दाट जंगलाचं गणित वेगळं आहे, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

परवानगीचं आधी उरकून घेऊ

पडलेलं झाड म्हणजे बेवारस लाकूड, हा समज डोक्यातून काढा. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू असतो आणि तिथलं लाकूड, मग ते उभं असो की आडवं, वनोपज ठरतं. त्यामुळे कापण्याआधी वनरक्षकाशी बोला आणि परिक्षेत्र कार्यालयात एक साधा अर्ज द्या: कुठली वाट, कुठला रविवार, किती माणसं, कोणती हत्यारं. जागा महापालिकेच्या ताब्यातली असेल तर उद्यान विभागाकडे जायचं, कारण शहरी झाडांना १९७५ चा वेगळा कायदा आहे. आणि कापलेलं लाकूड तिथेच राहतं. चुलीसाठी, शेकोटीसाठी, घरातल्या कुंडीच्या स्टँडसाठी, कशासाठीही खाली आणायचं नाही. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. मोठं झाड धोकादायक लटकलंय असं दिसलं तर तिथे कळवा.

आधी बघा, पडतंय कोण?

आमच्या वाटेवर आडवी होणारी झाडं बहुतेक एकाच जातीची आहेत: गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. मूळची मध्य अमेरिकेकडची. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि खुरट्या झाडोऱ्याच्या. वनीकरणात पटकन हिरवं काहीतरी दिसावं म्हणून हिची भरपूर लागवड झाली. ती जगली, कारण तिला गुरं फारशी तोंड लावत नाहीत आणि मुरमातही ती तग धरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलते तेव्हा फोटोवाल्यांची गर्दी होते. जूनमध्ये आडवी होते तेव्हा आमची.

याउलट त्याच उतारावर सालई आहे, मोई आहे, गणेर आहे. तीही पडतात, नाही असं नाही, पण मी पाहिलंय त्यात क्वचित. म्हणून पहिला नियम: पडलेलं झाड ओळखल्याशिवाय कापायचं नाही. मोई कलंडली असेल आणि तिची अर्धी मुळं अजून जमिनीत असतील, तर ती आडवी पडूनही जगू शकते. तिच्या वाटेत येणाऱ्या दोन फांद्या कमी करा आणि बुंधा तसाच राहू द्या. गिरिपुष्पाबाबत एवढं हळवं व्हायचं कारण नाही. मात्र तिच्याबाबत एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली.

आम्ही लावलेलं कुंपण

पहिल्या वर्षी आम्ही भलतेच नीटनेटके होतो. कापलेल्या, मनगटाएवढ्या जाड फांद्यांचे हात-दीड हाताचे तुकडे केले, एका बाजूला कोयत्याने टोक काढलं आणि वळणाच्या बाहेरच्या कडेने रांगेत ठोकून टाकले. सायकल घसरली तर कड दिसावी, माती अडावी, असा विचार. जुलैचा पहिला आठवडा होता. काम इतकं देखणं झालं की दोघा-तिघांनी त्याचेच फोटो लावले.

ऑगस्टच्या मध्यावर गेलो तर प्रत्येक खुंटीला पालवी. तीन-तीन, चार-चार फुटवे, काही कमरेपर्यंत आलेले, आणि सगळे वाटेवर झुकलेले. हँडल घासल्याशिवाय पुढे जाताच येईना. आम्ही उभे राहून बघत होतो, तेवढ्यात गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एक मावशी थांबल्या.

"कुंपण बरं धरलंय दादा. कुणाची जागा हाय ही?"

"कुंपण नाही हो मावशी, नुसत्या खुंट्या मारल्या होत्या."

"उंदीरमारी हाय ती. खोचली की जगती." आणि हसत खाली गेल्या.

कोकणात भाताच्या बांधावर हिच्या फांद्या पावसाच्या तोंडाला अशाच खोचतात, पाला हिरवळीचं खत म्हणून खाचरात गाडायला. हे आमच्यातल्या दोघांना लहानपणापासून माहीत होतं. टेकडीवर ठोकताना मात्र कुणालाच आठवलं नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. खोचलेल्या फांदीपासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ नसतं. त्याची मुळं वरच्या वर पसरतात. आमच्या टेकडीवर माती मुळातच वीतभर, फार तर हातभर. त्याखाली मुरूम, मग कातळ. अशा जागी सोटमूळ नसलेलं झाड म्हणजे पाटावर उभा केलेला बांबू. त्या खुंट्यांपैकी काही आम्ही उपटल्या, काही राहून गेल्या. चार वर्षांनी त्यातलंच एक झाड जूनच्या वाऱ्यात वाटेवर आडवं झालं. स्वतः लावलेलं झाड स्वतःच कापायला रविवार खर्च केला.

तेव्हा कापलेल्या तुकड्यांचं असं करा:

- उभं काहीही खोचू नका. कडेला खुंटी हवीच असेल तर दगड लावा.
- तुकडे ओल्या मातीवर आडवे टाकले तरी पावसात मुळं धरू शकतात. दोन दगड मांडून त्यांवर, जमिनीपासून सुटे रचा.
- ढीग वाटेपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला करा. वरच्या बाजूला केलेला ढीग पुढच्या पावसात स्वतःच वाटेवर येतो.
- उरलेल्या खुंटाला फुटवे येणारच. ते कोवळे असताना हाताने खुडा. जुलैत एकदा, ऑगस्टअखेर एकदा, दसऱ्याच्या आसपास एकदा. एकदा लाकूड धरलं की पुन्हा करवत लागते. खुंटावर रॉकेल, मीठ, तणनाशक असले उद्योग जंगलात नकोत.

पण तेच वळण का?

या प्रश्नाकडे आम्ही तीन वर्षं बघितलंच नाही. झाड पडलं की कापायचं, एवढंच माहीत. एकदा भर पावसात, काम म्हणून नाही, नुसते भिजायला म्हणून वर गेलो आणि उत्तर समोर वाहताना दिसलं. वाटच ओढा झाली होती. वरच्या पन्नास-साठ मीटरचं पाणी वाटेतून सरळ खाली येत होतं, वळणावर त्याला बाहेर पडायला जागा मिळत होती आणि तिथल्या झाडांच्या बुडातली माती घेऊन ते खाली उतरत होतं. उघड्या पडलेल्या मुळांमधून हात आरपार जात होता.

दुसरं कारण थोडं वर होतं. मृद्संधारणासाठी खणलेले सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे. साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. खणलेली माती खालच्या बाजूला लोटून तिचा बांध करतात आणि त्या सुट्या मातीवर रोपं लावतात. चर आपलं काम चोख करतो, पाणी अडवतो, जिरवतो. पण आठ दिवस झड लागली की बांधाची माती भिजून लोण्यासारखी होते, आणि तिच्यावरचं झाड उताराच्या दिशेने कलतं. खाली काय आहे? आपली वाट. चराला हात लावायचा नाही, ते वन विभागाचं काम आहे. पण वाट कुठे आहे हे आपल्या हातात असतं, निदान सुचवणं तरी.

पाण्याचा बंदोबस्त असा:

शेजारच्या उताराचा चढ जितका असेल त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला नसावा. उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा मीटर चाललं की जेमतेम एक मीटर वर. याहून उभी वाट असेल तर पाणी आडवं निघून जाण्याऐवजी वाटेलाच धरून पळतं. सरळ उतारावरून उभी खाली येणारी वाट मजेची असते, मलाही आवडते, पण ती पावसाळ्यात ओढाच होणार. जुनी वाट बदलता येत नसेल तर दर पंधरा-वीस मीटरवर वाटेला एक बारीकशी उलटी चढण द्या. खाली येता येता दोन पावलं वर, मग पुन्हा खाली. त्या खोलगट जागी बाहेरच्या कडेची माती फावड्याने काढून पाण्याला दार करा. वाटेवर आडवं लाकूड पुरून पाणी अडवायचा प्रयोग आम्ही केला होता. एका पावसात त्याच्यामागे गाळ भरला, दुसऱ्या पावसात पाणी त्याच्या कडेने गेलं, आणि चाक त्यावर घसरून एकाचं कोपर सोललं. उलटी चढण बरी.

हे केल्यावर आमच्या त्या वळणावर झाडं पडायची थांबली असं म्हणणार नाही. कमी झाली. आणि जी पडतात ती आता मुळासकट न उपटता वाऱ्याने मोडून पडतात. ती कापायला सोपी.

करवत अडकते

नव्या माणसाची पहिली तक्रार हीच. अर्ध्यात पातं रुतून बसतं, मग ओढाओढी, मग पातं वाकतं किंवा तुटतं. कारण एकच: लाकूड कुठे दाबलेलं आहे आणि कुठे ताणलेलं आहे हे न बघता कापायला घेतलं.

दोन्ही टोकं टेकलेली आणि मधला भाग अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते, खालची ताणलेली. वरून कापत गेलात की चीर मिटते आणि पातं चिमटलं जातं. म्हणून आधी वरून साधारण एक तृतीयांश कापा आणि उरलेलं खालून वर. उलट, एक टोक जमिनीत किंवा दगडावर घट्ट आणि दुसरं हवेत तरंगतंय, तर वरची बाजू ताणलेली असते. तेव्हा आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. आधी वरूनच कापलंत तर शेवटी लाकूड उभं फाटतं आणि सालीची लांब पट्टी ओढत खाली येतं.

ओळखता येत नसेल तर चिरेकडे बघत कापा. फट रुंदावत चालली तर बरोबर बाजूला आहात. मिटायला लागली तर लगेच पातं बाहेर. खिशात दोन लाकडी पाचरी ठेवा, वाळक्या फांदीच्या केल्या तरी चालतात. चीर बोटभर खोल गेली की पाचर हलकेच ठोकून ठेवायची. दहा रुपयांचंही सामान नाही, पण यानेच आमची करवतींची खरेदी थांबली.

करवत ओढताना कापणारी, घडीची घ्या. पातं बुंध्याच्या जाडीच्या दुप्पट तरी लांब हवं. ३० सेंटिमीटरच्या पात्याने १५ सेंटिमीटरचं लाकूड आरामात कापलं जातं, त्याच्यापुढे दात भुशाने भरतात आणि नुसतं घासत बसावं लागतं. ओल्या गिरिपुष्पात तर जास्तच. कोयता बारीक फांद्यांपुरता. ताणलेल्या फांदीवर कोयता मारला की तो उसळून नडगीवर येतो. पेट्रोलवरची चेनसॉ प्रशिक्षण, हेल्मेट आणि पायाचं संरक्षण असल्याशिवाय काढायचीच नाही. शिवाय तो आवाज ऐकून दहा मिनिटांत मॉर्निंग वॉकचे काका-आजोबा गोळा होतात आणि जाब विचारतात. त्यांचं बरोबरच आहे. आपण परवानगीचा कागद दाखवावा आणि नम्रपणे करवत दाखवावी.

दोन्ही बाजूंनी कापलं तरी तुकडा निघत नाही

हे फार चिडवणारं असतं. मधला तुकडा सुटा झालाय, तरी हलत नाही. दोन्ही काप सरळ, समांतर दिले की बाजूचे भाग त्याला दाबून धरतात. काप थोडे तिरके द्या, असे की तुकडा ज्या बाजूला लोटायचाय त्या बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होईल. मग पहारीचा एक हेलकावा पुरतो. लोटायचं उताराच्या खाली, पण खाली कुणी नाही हे ओरडून विचारल्यानंतरच. पाषाणकडच्या वाटा एकीखाली एक आहेत. वरून सुटलेला ओंडका खालच्या वाटेवर चालणाऱ्या बाईंसमोर जाऊन थांबला होता, त्याला आता दोन वर्षं झाली. मला अजून तो आवाज आठवतो. तेव्हापासून एक माणूस खालच्या वाटेवर शिट्टी घेऊन उभा असतो आणि त्याची शिट्टी आल्याशिवाय काहीही लोटायचं नाही.

कापणारा नेहमी उताराच्या वरच्या बाजूला उभा. कापून झाल्यावर वाट दीड मीटर रुंद तरी मोकळी ठेवा. हल्लीचं हँडल ७६ ते ८० सेंटिमीटर रुंद असतं, पण माणूस सरळ रेषेत चालवत नाही. आणि फांदी कापली की खुंट टोकदार ठेवू नका. गुडघ्याच्या उंचीवरचा तिरका कापलेला खुंट पडणाऱ्याच्या मांडीत घुसतो. बुंध्याला लागून किंवा जमिनीलगत, मधे नको.

वळसे

झाड पडल्यापासून आठवड्याभरात बाजूने नवी वाट मळते. म्हणून कापायला पुढचा रविवार लागणार असेल तर निदान झाड पडल्याचं कळेल त्याच दिवशी एक जण वर जाऊन वळशाच्या तोंडावर पाल्यासकट फांद्या टाकून येतो. एक सूचना अनुभवातून: बाभळीच्या किंवा हिवराच्या फांद्या टाकू नका. त्यांचे काटे पावसाने वाहून वाटेवरच येतात आणि मग सगळ्यांच्या ट्यूबला. आमच्या एका सदस्याने मोठ्या उत्साहाने बाभूळ टाकली होती, महिनाभर पंक्चर काढत होता.

हात लावू नये, किंवा फार जपून लावावा अशी

दुसऱ्या झाडात अडकून तिरकं लटकलेलं झाड. ते कधी आणि कुठे पडेल हे कापणाऱ्यालाही कळत नाही. आपलं काम तिथे वाट बंद करून कळवण्याचं.

मुळांच्या गड्ड्यासकट उपटलेलं मोठं झाड. बुंधा कापताच वजन सुटतं आणि गड्डा धपकन खड्ड्यात परत बसतो. त्या खड्ड्यात कुणी वाकून बघत असेल तर संपलं. गड्ड्याला मीटर-दीड मीटर बुंधा राखून कापा, खड्ड्याकडे कुणाला फिरकू देऊ नका.

पडलेल्या झाडाखाली दबून धनुष्यासारखं वाकलेलं रोप. ते एका घावात तोडायचं नाही. बाकाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं तासत ताण उतरवायचा, आणि उभं राहायचं ते त्याच्या झेपेच्या वाटेत नाही.

आणि झाडाखाली हात घालण्याआधी काठीने खडखडाट. घोणस, फुरसं, विंचू यांना पावसाळ्यात कोरडी जागा हवी असते, ती ओंडक्याखाली मिळते. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. तो अवयव हलू न देता माणसाला खाली आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. वाटेच्या कुठल्या टोकाला गाडी येऊ शकते, हे सकाळीच ठरवून ठेवा.

मे महिन्यात एक फेरी

वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की वाट पायी चाला. झाडाच्या बुडाशी वरच्या अंगाला मातीत भेग, उचललेली मुळं, वाळवी, खोडाला लागलेली अळंबी, यातलं काही दिसलं की फोनवर जागा टिपून यादी वनरक्षकाला द्या. उभं झाड आपण कापायचं नाही, कितीही कललेलं असो. पाण्याची दारंही तेव्हाच साफ करा. जूनमध्ये चिखलात फावडं चालत नाही.

सध्या टेकडीवरच्या खाणीच्या वरच्या बाजूला एक सुबाभूळ दोन गिरिपुष्पांमध्ये अडकून लटकलेली आहे. कळवलंय. वाट दोन्ही टोकांना दगड रचून बंद केली आहे. रविवारी तिकडे जाणार असाल तर वरच्या रुंद वाटेने जा, आणि ते दगड बाजूला करू नका.